दोन नार्वे, एक देव

संपादक महाशय,

श्रावण जवळ आला की गोव्यातल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराकडे पाहुण्यांची रीघ लागते. पण नार्वे दोन आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसते. मूळ देऊळ दिवाडी बेटावरच्या नार्व्यात होते. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोली महालात आले, आणि तिथे शिवाजी महाराजांनी शके १५९० म्हणजे १६६८ साली देऊळ उभारायला घेतले. दारावरचा शिलालेख हेच सांगतो. तो बघायला मान वर करावी लागते, म्हणून निम्मे लोक त्याखालून सरळ आत जातात.

पाहण्याचा खरा क्रम असा: जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर, फेरीबोटीने दिवाडी, तिथे आधी कोटीतीर्थाची तळी, मग दुसऱ्या फेरीने डिचोलीकडचे नार्वे. दिवाडीतच पिएदाद टेकडीवरच्या दफनभूमीतले कोरीव छतही चुकवू नये, ते कदंब राजांच्या काळातल्या देवळाचे आहे.

ओहोटीला धक्क्याचा खालचा शेवाळलेला उतार उघडा पडतो. दुचाकी तिथेच घसरते, ती बंद करून ढकलत न्यावी. पावसात तळीच्या चिऱ्याच्या पायऱ्यांचेही तेच. जुन्या चपला नकोत.

दोन्ही धक्क्यांवर "जुने नार्वे" आणि "नार्वे देऊळ" अशा वेगळ्या पाट्या मराठी-कोंकणीत लावाव्यात. खर्च काहीच नाही, चार लोखंडी खांबांचा.

– एक वाचक, डिचोली