माती परीक्षणाचा नमुना बांधावरून नको

महोदय,

रब्बीची काढणी उरकून शेते मोकळी झाली की माती परीक्षणाची लगबग सुरू होते. प्रयोगशाळांची चर्चा पुष्कळ होते. मात्र शेतातून नमुना कसा उचलला जातो, याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि खरी गफलत तिथेच होते. एकरभर शेतातील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारण नऊ लाख किलो भरते. त्यातून अर्धा किलो माती पिशवीत जाते आणि स्फुरद (फॉस्फरस) मोजण्यासाठी त्यातली जेमतेम अडीच ग्रॅम वापरतात. ही माती बांधालगतच्या एकाच खड्ड्यातली असेल, तर उपकरण कितीही महागडे असले तरी अहवाल त्या बांधाचाच येणार. आमच्या भागात असे नमुने घेतलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

जमिनीचा रंग, उतार वा खोली बदलते तिथे शेताचे वेगळे भाग पाडून, प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी. विहिरीजवळची, झाडाखालची, जनावरे बसण्याची आणि शेणखताचे ढीग पडलेली जागा टाळावी. काडीकचरा बाजूला सारून 'व्ही' आकाराचा वीस सेंटिमीटर खोल खड्डा करावा, आतली माती काढून टाकावी आणि मग खड्ड्याच्या एका बाजूची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची माती वरपासून तळापर्यंत सारखी तासून घ्यावी. नुसती वरवरची माती खरवडली, तर स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब प्रत्यक्षाहून जास्त दिसण्याचा संभव असतो. जस्त, लोह यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील, तर गंजके खुरपे आणि जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वापरू नये. सगळी माती मिसळून ढिगाचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहावे. माती ओली असल्यास सावलीत वाळवावी. खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना भरणे तर सर्वस्वी चूक आहे. फळबाग लावायची असेल, तेव्हा तीन फुटांपर्यंत प्रत्येक फुटाचा नमुना वेगळा हवा, कारण खालच्या थरातील चुनखड वरच्या मातीत दिसत नाही.

२०१५ साली शेतकऱ्याला मातीचा अहवाल आणि खतांची शिफारस देणारी मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली, तेव्हा बागायतीत अडीच आणि जिरायतीत दहा हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना ठरला होता. मोठ्या क्षेत्राचा अंदाज घेण्यास तो पुरेसा असेल. परंतु माळाची मुरमाड जमीन आणि ओढ्याकाठची काळी जमीन एकाच चौकटीत आली, तर खताची मात्रा कोणाच्या शेतासाठी धरायची? यापुढे नमुना शेतकऱ्याच्या समक्षच घ्यावा आणि तो किती ठिकाणांहून, किती खोलीवरून व कोणत्या तारखेला घेतला, याची नोंद पत्रिकेवर बंधनकारक करावी, अशी कृषी विभागास विनंती आहे.

– एक शेतकरी वाचक, जि. लातूर