चांद्याच्या खांदशेकणीला मी येते आहे

नागपूर,
१० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बुधवारी रात्री गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला, तेव्हा बाबा, "या म्हाताऱ्या हाडांवर आता कशाला पैसे घालायचे, माझ्या हातून आता कोणते काम व्हायचे आहे" असे म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात. त्या वेळी मी गप्प राहिले. उत्तर सुचले नव्हते असे नाही, पण ते फोनवर सांगण्याजोगे नव्हते. त्यात माझी एक जुनी चूक कबूल करायची आहे आणि ती लिहूनच नीट कबूल करता येईल असे वाटले, म्हणून आज रविवार पाहून हे पत्र लिहायला बसले आहे. बोटांत अजून पूर्वीची ताकद नाही, त्यामुळे अक्षर वेडेवाकडे आले आहे. तेवढे सांभाळून घ्यावे.

चूक आपल्या चांद्या बैलाविषयीची आहे. २०२२ च्या पोळ्यानंतर आपल्याकडे लम्पी आला आणि बाळ्याच्या अंगावर गाठी उठल्यापासून दहा दिवसांच्या आत तो गेला. जोडीतला एक बैल गेल्यावर उरलेल्या बैलाचे काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याला ना वखराला जुंपता येत, ना डवऱ्याला, ना बंडीला. शिवाय चांद्याचे वय झालेले होते, त्यामुळे त्याला नवा जोडीदार आणण्यातही अर्थ नव्हता. तुम्ही शेताची कामे भाड्याच्या ट्रॅक्टरने करू लागलात आणि चांद्या कोठ्यात नुसता उभा राहू लागला. मी मात्र नागपुरात बसून कुटाराचा आणि सरकीच्या ढेपेचा हिशेब मांडत होते. राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल बाजारात कोणी घेत नाही आणि म्हणूनच तुमचा नाइलाज झाला आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. त्याला गोरक्षणात सोडून या, असा तगादा मी दोन वर्षे लावला. तुम्ही दर वेळी "पाहू" एवढेच म्हणत होता, आणि तुमचे "पाहू" म्हणजे "नाही" असते हे ठाऊक असूनही मी विषय सोडत नव्हते.

पुढचे तुम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिले आहे, पण ते मला आतून कसे दिसले ते मी कधी सांगितले नाही.

मागच्या वर्षी ३ सप्टेंबरला, मारबतीच्या दिवशी, मी इतवारीत मिरवणूक पाहायला गेले होते. काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे एकमेकांना भेटले, लोक "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडत होते आणि त्याच गर्दीत माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. साऱ्या शहराची पीडा वेशीबाहेर जात असताना माझी मात्र वाट चुकून घरी आली, असे मी नंतर गमतीने म्हणत असे. त्या दिवशी मात्र मला वाटले की बराच वेळ उभी राहिल्यामुळे पाय अवघडले असावेत. आठवड्यापूर्वी झालेल्या जुलाबांशी याचा काही संबंध असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी अशक्तपणा आहे असे सांगून जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले आणि त्यात दीड दिवस गेला. तिसऱ्या दिवशी मला जिना चढता येईना. चौथ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय जागचा हलला नाही, आणि त्यांनी मला तेथूनच अतिदक्षता विभागात पाठवले.

बाबा, या आजाराचे नाव गुलियन बॅरी असे लांबलचक आहे. पोटाच्या किंवा घशाच्या साध्या संसर्गाशी लढताना शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, असे त्यात होते. तुम्हाला समजेल असे सांगायचे तर, मोटारपंपाच्या वायरवरचे रबर उंदरांनी कुरतडावे आणि आतले तांबे शाबूत असूनही वीज नीट पोचू नये, तसे माझ्या हातापायांचे झाले होते. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून केलेले प्रतिपिंडांचे औषध मला सलग पाच दिवस शिरेतून दिले गेले. त्याचा खर्च कसा भागला हे मी त्या वेळी विचारले नाही, आणि तुम्हीही सांगितले नाही.

त्या विभागात दर काही तासांनी एक परिचारिका येऊन मला एका श्वासात जितके आकडे मोजता येतील तितके मोजायला सांगत असे, कारण छातीचे स्नायू दुबळे होऊ लागले आहेत की नाही हे त्यावरून कळते. पहिल्या संध्याकाळी मी सव्वीसपर्यंत पोचले, दुसऱ्या दिवशी सतरापर्यंत आणि तिसऱ्या रात्री तेरावरच श्वास संपला. त्या रात्री व्हेंटिलेटरची तयारी करून ठेवलेली मी पाहिली. आई, त्याच संध्याकाळी तू भेटीच्या वेळेत येऊन मला शेगावच्या गजानन महाराजांची आणि त्या कीर्तनकाराच्या द्वाड घोड्याची गोष्ट सांगितली होतीस. लाथा मारणाऱ्या घोड्याच्या चार पायांत महाराज रात्री जाऊन निजले आणि घोडा शांत झाला, ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. खरे सांगते, मला तुझा राग आला. येथे माझा श्वास पुरत नाही आणि ही घोड्याच्या गोष्टी सांगते आहे, असे मनात आले.

तू गेल्यावर झोप लागेना, कूस बदलता येईना, पांघरलेल्या चादरीचे वजनही पायांना सोसवेना. अशा वेळी मन कोठेही जाते. माझे त्या घोड्याकडे गेले. गोष्टीत आपण सगळे महाराजांकडे पाहतो. मला प्रथमच असे वाटले की त्या रात्री घोड्यालाही काही करावे लागले असेल. पायांशी एक माणूस निजला आहे, म्हणजे पहाटेपर्यंत खूर उचलायचा नाही, डास चावला तरी पाय आपटायचा नाही, नुसते उभे राहायचे. काही न हलवता पहाटेपर्यंत टिकून राहणे हेही काम असू शकते, आणि माझ्याकडून तर तेव्हा तेवढेच होण्यासारखे होते. मी पहाटेपर्यंत तो घोडा होऊन पडून राहिले. सकाळी मोजले तेव्हा आकडा तेराच होता, पण तो खाली गेला नव्हता. दोन दिवसांनी तो एकोणीस झाला आणि व्हेंटिलेटर माझ्या खाटेजवळून हलवला गेला. मला औषधाने गुण आला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती रात्र औषधाने काढून दिली नाही, हेही मी तितक्याच खात्रीने सांगते. महाराजांवर माझा विश्वास बसला का, असे तू विचारशील. त्याचे उत्तर मला अजून एका शब्दात देता येत नाही, मात्र गुरुवारी संध्याकाळी मी आता दिवा लावते.

बाबा, त्या काळात तुम्ही फक्त गुरुवारी येत होता. कारंज्याहून सकाळच्या एसटीने निघायचे, भेटीच्या वेळेत खाटेशी उभे राहायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे, कारण चांद्या तुमच्याखेरीज कोणाच्या हातची ढेप खात नव्हता. माझ्या चेहऱ्याचे स्नायू तेव्हा ढिले पडले होते, त्यामुळे तोंडावर काही उमटले नसेल, पण आतून मी पेटले होते. लेक मरणाच्या दारात आहे आणि बापाला बैलाची काळजी आहे, या शब्दांत मी ते मनाशी घोकले. त्यावर पुढे चार महिने मी काही बोलले नाही, ही त्याहून मोठी चूक.

दसऱ्यानंतर मला घरी आणले तेव्हा गल्लीतल्या दोन मुलांनी खुर्चीसकट उचलून अठरा पायऱ्या चढवले. जिन्याखाली राहणारी ती काळी गावठी कुत्री मागोमाग वर आली आणि दाराशी बसली. गल्लीत कोणी तिला राणी म्हणत, कोणी काळी. आई, तू "हड भवाने" म्हणून तिला हाकलू लागलीस आणि शेवटी तेच तिचे नाव पडले. तुझ्या सोवळ्यात कुत्र्याला जागा नव्हती. तरीही चार वाजता उरलेली पोळी तिला घालायची, आणि ती मीच घालायची, असा नियम तूच केलास. आपण त्या भवानीला हात लावणार नाही, असे वर सांगितलेस. आधी तिची जर्मनची थाळी माझ्या पलंगापाशी होती. आठ दिवसांनी ती दाराशी गेली, दिवाळीनंतर गॅलरीच्या मध्यावर आणि डिसेंबरात पार दुसऱ्या टोकाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई वीस पावले चाला म्हणून विनवून थकल्या होत्या. तू एक शब्द न बोलता थाळी सरकवत होतीस, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

मुक्या प्राण्यांचे प्रेम वगैरे जे लोक म्हणतात, ते मला भवानीत फारसे दिसले नाही. ती पोळीसाठी येत होती आणि तिला ते लपवायचेही नव्हते. वॉकर ढकलत, डावे पाऊल फरफटत मी निघाले आणि उशीर झाला की ती माझ्याकडे पाहून सरळ भुंकत असे. पण त्या दिवसांत मला भेटायला येणारा प्रत्येक माणूस हळू आवाजात बोलत होता, आणि माझ्यावर आवाज चढवणारी ती एकटीच होती. मी चार वाजता तेथे पोचणारच आहे, असे ती गृहीत धरून बसलेली असे. त्याचा मला किती आधार झाला ते सांगता येत नाही. (तिला रेबीजची लस टोचून घेतली आहे आणि जंताचे औषधही देते, डॉक्टरांनीच तसे बजावले होते.)

जानेवारीत पुण्यातून बातम्या आल्या. सिंहगड रस्त्याच्या परिसरात याच आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले, साऱ्या महाराष्ट्राला जीबीएस ही अक्षरे पाठ झाली आणि गल्लीतल्या बायका मला पाहायला येऊ लागल्या. त्याच आठवड्यात माझ्या नोकरीच्या ग्रंथालयातून रजेबद्दल विचारणा झाली. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला आणि रडून म्हटले की, बाबा, मी आता कशाच्याच कामाची उरले नाही. तुम्ही जरा वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "कोठ्यात का सारे कामाचेच जनावरं रायतेत, बाई?"

फोन ठेवल्यावर आईने मला उरलेले सांगितले. गोरक्षणाचे लोक मागच्या पावसाळ्यात चांद्याला न्यायला गाडी पाठवायलाही तयार होते आणि तुम्ही नको म्हणालात, म्हणजे नाइलाज वगैरे काही नव्हता. आणि माझ्या पाच दिवसांच्या औषधासाठी तुम्ही बागेतली आंबिया बहाराची फळे झाडावर हिरवी असतानाच व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन टाकली होती. दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच महिन्यात केल्यात आणि दोन्हींचा गवगवा केला नाहीत. मी ज्याला माझ्यात आणि बैलात केलेली निवड समजत होते, तशी निवड तुम्ही कधी केलीच नव्हती. माझ्या त्या रागाबद्दल मी तुमची क्षमा मागते.

आता बुधवारच्या बोलण्याकडे येते. काम संपले म्हणून चांद्याला तुम्ही खुंट्यावरून सोडले नाहीत, मलाही सोडले नाहीत. मग स्वतःच्या गुडघ्यांच्या बाबतीतच तुम्ही हा माझा जुना हिशेब का मांडता आहात? पैशांचे मी पाहिले आहे. रजा संपून एप्रिलपासून पूर्ण पगार सुरू झाला आहे. शस्त्रक्रिया एका वेळी एकाच गुडघ्याची करू आणि डॉक्टर म्हणतात की दुसऱ्याच दिवशी वॉकरने उभे करतात.

चांद्याचा प्रश्न उरतो, आणि तुमची खरी अडचण तीच आहे हे मला ठाऊक आहे. येत्या २२ तारखेला पोळा आहे. मी गुरुवारी २१ लाच येते आणि खांदशेकणीला त्याच्या खांद्याला हळद-लोणी मीच लावते. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" हे त्याच्या कानात यंदा मला म्हणू द्या. त्यानंतर मी आठ दिवस राहीन आणि तुम्ही शेजारी उभे राहून त्याला माझ्या हातची ढेप खायची सवय लावा. काकांच्या मुलालाही त्याच वेळी शिकवू. चांद्या ज्या दिवशी आमच्या हातचे खाईल, त्या दिवशी डॉक्टरांची तारीख घेऊ. तोवर मी आग्रह करणार नाही.

वॉकर मी कोणाला देऊन टाकलेला नाही, पलंगाखाली पुसून ठेवला आहे. त्याच्या चारही पायांना उंची कमीजास्त करायची बटणे आहेत. मला तिसरे छिद्र लागत असे. तुम्हाला बहुधा पाचवे लागेल. भवानीची थाळी गॅलरीच्या टोकालाच आहे.

तुमची,
शालू