भिरभिऱ्यावर फुंकर मारायला लावणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मुलीची श्रुतलेखनाची वही मी पुरावा म्हणून आणली होती. पुरावा तिच्याविरुद्धचा. सात वर्षांची चुणचुणीत पोर, पण वहीत वाक्यांच्या मधलेच शब्द गायब. बाईंचा शेरा ठरलेला: 'वर्गात लक्ष नसते.' मीही तेच म्हणत होते, जरा वरच्या पट्टीत. डोळे तपासून झाले होते, टॉनिकं झाली होती. एके ठिकाणी 'शिस्त लावा' असं सांगितलं होतं आणि तो सल्ला मी मनापासून पाळला होता. त्याबद्दल आणखी लिहवत नाही.

तुम्ही वही चाळलीत आणि म्हणालात, "लक्ष उडालेलं मूल सहसा भलतंच काही लिहितं नाहीतर अर्धवट सोडतं. हिचे एकदोन शब्द गळतात आणि पुढचं पुन्हा बरोबर सुरू होतं." मग प्रश्न सुरू झाले. तंद्री किती सेकंद टिकते? हाक मारून, हात लावून भानावर येते का? पापण्या फडफडतात का? ऐन खेळात, बोलता बोलताही होतं का? मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. रोज डोळ्यांसमोर होती आणि मी नीट बघितलंच नव्हतं.

तुम्ही खणातून कागदी भिरभिरं काढलंत, एका पाकळीला चिकटपट्टी लावलेलं. "हे थांबू द्यायचं नाही हं." ती जोरजोरात फुंकत राहिली. दीडएक मिनिटानं भिरभिरं मंदावलं, थांबलं. तिची नजर समोर खिळली. तुम्ही हळूच म्हणालात, "जांभळा हत्ती." मी हाक मारली, तिला ऐकूच गेलं नाही. दहाएक सेकंद गेले आणि काही घडलंच नाही अशा थाटात ती पुन्हा फुंकू लागली. "मी आत्ता काय म्हणाले?" असं तुम्ही तिला विचारलंत तेव्हा ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. हत्ती तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

फिट म्हणजे आचके आणि तोंडाला फेस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इतक्या गुपचूप येणारी, दिवसातून कितीतरी वेळा येऊन जाणारी फिटही असते, तिला अ‍ॅबसन्स म्हणतात, हे तुमच्याकडून कळलं. जोरात श्वास घेत-सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अशा मुलांमध्ये तेवढ्यानंही फिट येऊ शकते. म्हणून ते भिरभिरं.

ईईजीच्या, म्हणजे मेंदूचा आलेख काढायच्या तपासणीच्या, तारांची तिला भीती वाटत होती; करंट बसेल म्हणून. तुम्ही तिला, मला नव्हे, समजावलंत की हे यंत्र काही देत नाही, नुसतं ऐकतं. हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतले विजेचे तरंग पहिल्यांदा टिपले आणि पुढे स्वतःच्या मुलाच्या डोक्यालाही तारा लावल्या, ही गोष्ट तिला फार आवडली. आलेखात सेकंदाला तीन या गतीनं टोकदार शिखर आणि मागोमाग लाट, अशी रांग उमटली. मी एमआरआयचा हट्ट धरला तर म्हणालात, "सगळं इतकं स्पष्ट जुळतंय, शिवाय मूल बाकी ठणठणीत, गरज नाही." तेव्हा मला ते पटलं नव्हतं, हेही सांगून टाकते.

औषधाचं तुम्ही सविस्तर सांगितलंत, तेही कागदावर लिहून. फिटचं वाटेल ते औषध यात चालत नाही. कार्बामाझेपिन इतर काही प्रकारांत उत्तम, पण यात फिट वाढवू शकतं. व्हॅल्प्रोएट गुणकारी, पण मुलींच्या बाबतीत पुढच्या गरोदरपणाचा विचार करून शक्यतो टाळायचं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एथोसक्सिमाइड तितकंच प्रभावी ठरलं आणि लक्षावर त्याचा परिणाम कमी दिसला, म्हणून ते. सुरुवातीला तिचं पोट दुखलं, उचक्या लागल्या. जेवणानंतर द्या म्हणालात, निभावलं. डोस मनानं बंद करायचा नाही. पोहताना मोठं माणूस जवळ हवं, न्हाणीघराची कडी लावायची नाही. दोनेक वर्षं फिट आली नाही तर औषध हळूहळू कमी करून बघू, आणि बऱ्याच मुलांची ही तक्रार मोठेपणी उरत नाही, हेही सांगितलंत. 'बऱ्याच' म्हणालात, 'सगळ्या' नाही. तो शब्द मी लक्षात ठेवलाय.

निघताना मी रडले, तेव्हा तुम्ही तिला बाहेर मासे बघायला पाठवलंत. मग म्हणालात, "रागावलात ते तिला सांगा. तिचा दोष नव्हता हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे." त्याच रात्री सांगितलं. "मला माहीत होतं," म्हणाली आणि कुशीवर वळून झोपली.

सोबत परवाच्या श्रुतलेखनाचं पान जोडतेय. चुका तीन आहेत, सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. गाळलेला शब्द एकही नाही.

तुमची कृतज्ञ,
एक आई