४५ टक्के, पण कशाचे?

दादर, मुंबई

प्रिय संजू,

गाडीच्या अपघातानंतर तुला मिळालेल्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचा फोटो मोठा करून वाचला. ‘उजव्या हाताचे ४५ टक्के कायमचे अपंगत्व.’ या आकड्यावर हिशेब मांडून बसू नकोस. ते ४५ हाताचे आहेत. त्या गाडीच्या विमा कंपनीचा वकील म्हणेल, हाताचे ४५ म्हणजे अख्ख्या शरीराचे फार तर १५-२०, तेव्हा कमाईचं नुकसानही तेवढंच. याचं उत्तर तयार ठेवूनच भरपाईचा दावा लावायचा असतो.

आपल्या बाजूने राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. तो सांगतो की डॉक्टरांची टक्केवारी वेगळी आणि कमाई बुडाल्याची टक्केवारी वेगळी. दुसरी डॉक्टरांनी नाही, मोटार अपघात दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने ठरवायची, आणि तीही धंदा बघून. निकालातलंच उदाहरण: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची सगळी रोजीरोटी जाऊ शकते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. तू लिफ्ट मेकॅनिक आहेस. केबिनच्या छतावर उभं राहून डोक्यावर हात नेऊन काम, रोप ओढणं, ब्रेक सेट करणं, शाफ्टमध्ये एका हाताने धरून दुसऱ्याने पाना फिरवणं. खांदा उचलत नाही म्हटल्यावर यातलं काय उरलं?

पैशात बघ. पगार ३०,०००, अपघाताच्या दिवशी वय ३८. नोकरी कायम नसून ठरावीक पगाराची असेल आणि वय चाळिशीच्या आत, तर पुढच्या पगारवाढीचे ४० टक्के धरायचे (सर्वोच्च न्यायालयाचा प्रणय सेठी निकाल, २०१७). झाले ४२,०००, वर्षाचे ५,०४,०००. वर्षाची कमाई वयानुसार ज्या आकड्याने गुणतात तो गुणक ३६ ते ४० वयाला १५ (सरला वर्मा निकाल, २००९), म्हणजे ७५,६०,०००. याचे २० टक्के धरले तर १५,१२,०००, ६० टक्के धरले तर ४५,३६,०००. हात तोच, सर्टिफिकेट तेच. मृत्यूच्या दाव्यात वैयक्तिक खर्चापोटी कापतात ती रक्कम इथे कापायची नसते, हेही वकिलाला आठवण करून दे.

आणि माझ्या मते हे सर्टिफिकेट घाईचं आहे. मानेतून खांद्याकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याला मार बसला की नस पुन्हा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, मानेपासून बोटांपर्यंत पोचायला महिनोन्‌महिने जातात. चार महिन्यांत ‘कायमचे’ लिहिलेलं उलटतपासणीत फाडलं जातं. सर्जन नस जोडण्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत असतील तर दाव्यासाठी थांबू नकोस, ते सहा महिन्यांच्या आत झालेलं बरं. ईएमजी-एनसीव्हीचे (नसा आणि स्नायूंच्या तपासणीचे) सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लाव. नस अजून भरून येत नाही हे त्यांच्यावरूनच दिसतं. सुधारणा थांबली की सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातून नवं सर्टिफिकेट घे आणि डॉक्टरांना तीन गोष्टी लिहायला सांग: हाताचे टक्के, संपूर्ण शरीराचे टक्के, आणि कोणत्या हालचाली होतच नाहीत. तिसरी सहसा राहून जाते, खरी किंमत तिचीच. डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं. त्यांना कोर्टात यायला जमत नसेल तर कोर्टाने नेमलेल्या कमिशनरमार्फत साक्ष नोंदवायची विनंती करता येते.

पण अर्ज मात्र आताच कर. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तुझे चार गेले. सर्टिफिकेट नंतर जोडता येतं. शिवाय व्याज अर्जाच्या तारखेच्या मागचं मिळत नाही. अपघात झाला ती जागा, तुझं घर, किंवा गाडीमालकाचा पत्ता, यांपैकी कुठल्याही हद्दीतलं न्यायाधिकरण चालतं. पोलिसांनी ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तो गेला का, ठाण्यात विचार. तो अहवाल अर्ज म्हणून धरता येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नये. एफआयआर, पंचनामा, गाडीची आरसी, विमा पॉलिसी आणि चालकाच्या लायसन्सच्या प्रती घे. लायसन्स नसलं तर कंपनी हात झटकते. बहुतेकदा कोर्ट तिला आधी तुला पैसे द्यायला लावून मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. समोरच्या सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज मात्र आता मिळणं कठीण, ते काही आठवड्यांतच पुसलं जातं.

ऑफिसने तुला फोन घ्यायला बसवलंय ना? इथे फसू नकोस. त्याच पगारावर तोंडी बदली झाली तर विमा कंपनी म्हणेल नुकसानच नाही. लेखी आदेश घे, त्यात पद, भत्ते आणि ओव्हरटाइम बंद झाल्याचा उल्लेख हवा. मॅनेजर पगाराचं रजिस्टर घेऊन साक्षीला आला तर सोन्याहून पिवळं. अपघात ड्युटीवर झाला असेल तर कामगार भरपाई किंवा मोटार दावा, दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो.

मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून घाबरू नकोस. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ते दाव्यातून वजा करायचे नाहीत असं ठरवलं. मूळ बिलं मेडिक्लेमला जातील, त्यांच्या शिक्का मारलेल्या प्रती ठेव. वहिनी रोज आंघोळ-कपडे बघतात, त्या मदतीचेही पैसे मागायचे, पगारी बाई ठेवली नाही म्हणून ते शून्य होत नाहीत. टॅक्सीच्या पावत्या, फिजिओथेरपीची कार्डं, पुढच्या ऑपरेशनचा लेखी अंदाजही लावून ठेव.

विमा कंपनी तडजोड सुचवेल. लोकअदालतीत कोर्ट फी परत मिळते, प्रकरण लवकर सुटतं, पण त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून नवं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत आकड्यावर बोलू नकोस.

आणि वॉर्डात भेटलेला तो ‘साहेब’, जो २५ टक्के मागतो, त्याला नकार कळव. वकिलाने निकालाच्या रकमेत वाटा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या कागदावर सही करू नकोस, चेकबुक तर देऊच नकोस. अपंग व्यक्तीला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तिथे आधी चौकशी कर.

त्या गाडीचा विमा अपघाताच्या तारखेला चालू होता का, ते मला एमपरिवहन अॅपवर बघून कळव. बाकीचं त्यावर ठरवू.

तुझा,
प्रकाश