ब्रेंटफर्डचा उंच मनोरा

महोदय,

लंडनची क्यू गार्डन्स पाहणारे मराठी पर्यटक थेम्सपलीकडचे ब्रेंटफर्ड सहसा वगळतात. हे खटकते. क्यू पूल ओलांडताच दिसणारा उंच मनोरा धुराडे नव्हे. तो लंडनला पाणी पुरवणाऱ्या जुन्या पंपिंग केंद्राचा भाग. केंद्राचा पूर्वीचा उघडा उभा पाइप थंडीत गोठून फुटला, म्हणून १८६७मध्ये नवे पाइप विटांच्या मनोऱ्यात बंदिस्त केले. पंपाच्या प्रत्येक ठोक्याने नळांवर येणारा दाबाचा धक्का ते झेलत. शेजारच्या संग्रहालयात ९० इंची सिलिंडरचे, १८४६चे वाफेचे इंजिन आहे. ते रोज चालवत नाहीत. चालवण्याचा दिवस पाहूनच जावे. तिथून हाय स्ट्रीटने पश्चिमेला चालत निघा: आधी स्वयंचलित वाद्यांचे म्युझिकल म्युझियम, पुढे इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या १६४२च्या लढाईचा उल्लेख असलेला ग्रॅनाइटचा स्तंभ, मग ग्रँड युनियन कालवा.

– एक वाचक, लंडन