बुडबुडे दिसले म्हणजे वायू विरघळला असे नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या मत्स्यालयातील पाणवनस्पतींवर आलेला लेख आवडीने वाचला. माती, प्रकाश आणि छाटणी यांविषयी लेखकाने लिहिलेले नेमके आहे. पण कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवण्याच्या साधनांवरचा परिच्छेद वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. टाकीभर बुडबुड्यांचे धुके पसरले की डिफ्यूझर (वायूचे बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडणारे साधन) उत्तम, आणि सेकंदाला दोन बुडबुडे सोडले की पुरे, अशी दोन विधाने त्यात आहेत. त्यांवर विसंबून कुणी खरेदी केली तर पैसा वाया जाईलच, पण कदाचित मासेही जातील. मी बरीच वर्षे महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले आणि आता घरी दोन टाक्या सांभाळते, एक ५४ लिटरची आणि एक २४० लिटरची. दोन्हींत झाडे दाट आहेत, पण साधने मुद्दाम वेगवेगळी ठेवली आहेत.

पानाला उपयोग होतो तो विरघळलेल्या वायूचा. डोळ्यांना दिसणारा बुडबुडा म्हणजे अजून न विरघळलेला वायू. तो पृष्ठभागावर पोचून फुटला की हवेत गेला. उघड्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमही कार्बन डायऑक्साइड नसतो. दाट लागवडीत आपण तो २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेऊ पाहतो. त्यात अडचण अशी की हा वायू हवेत जितक्या झपाट्याने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश पाण्यात पसरतो. टाकीच्या एका कोपऱ्यात विरघळलेला वायू दुसऱ्या कोपऱ्यातल्या पानापर्यंत आपला आपण जात नाही, त्याला प्रवाहच न्यावा लागतो. म्हणून डिफ्यूझर कुठला घ्यावा असे कुणी विचारले की मी आधी फिल्टरचे पाणी टाकीत कसे फिरते ते विचारते.

लहान टाकीत माझ्याकडे चिनी मातीच्या चकतीचा काचेचा डिफ्यूझर आहे. तेवढाच वायू निम्म्या व्यासाच्या बुडबुड्यांत वाटला तर पाण्याला लागणारे क्षेत्रफळ दुप्पट होते, शिवाय लहान बुडबुडा सावकाश वर चढतो. चकतीचे काम एवढेच. पण ३० सेंटिमीटर उंचीच्या टाकीत त्याला वर यायला वेळ तो किती लागणार! म्हणून चकती तळाजवळ आणि फिल्टरच्या तोंडातून येणारा प्रवाह तिच्यावरून जाईल अशी बसवावी. मग बुडबुडे खाली दाबले जातात, झाडांमधून फिरतात आणि वाटेत विरघळतात. चकतीवर शेवाळ धरले की बुडबुडे मोठे आणि एकाच बाजूने येऊ लागतात. तेव्हा ती पातळ ब्लीचमध्ये भिजवून, भरपूर धुऊन, क्लोरीन काढणाऱ्या औषधाच्या पाण्यातून काढून मगच परत लावावी.

मोठ्या टाकीला हे पुरत नाही. तिथे मी कॅनिस्टर फिल्टरच्या, म्हणजे टाकीबाहेर ठेवायच्या डबाबंद फिल्टरच्या, परतीच्या नळीवर रिॲक्टर जोडला आहे. उभी नळी, पाणी वरून खाली येते आणि वायू वर चढू पाहतो; या ओढाताणीत बुडबुडा विरघळेपर्यंत आतच अडकून राहतो. नळी जितकी रुंद तितका पाण्याचा वेग कमी आणि बुडबुडा खालून निसटण्याची शक्यताही कमी. टाकीत धुके अजिबात दिसत नाही, आणि लेखातील कसोटी लावली तर हे साधन नापास ठरेल! प्रत्यक्षात वायू सर्वांत कमी वाया जातो तो यातच. मात्र याची किंमत प्रवाहात मोजावी लागते. रिॲक्टर जोडला की फिल्टरचा जोर घटतो, म्हणून फिल्टर आधीच एक माप मोठा घ्यावा. रिॲक्टरच्या माथ्याशी हळूहळू वायूचा कप्पा साठतो. पाण्यातला नायट्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर येऊन त्यात मिसळत राहतो आणि तो काही पुन्हा सहज विरघळत नाही. माथ्यावर हवा सोडायची तोटी असलेलाच रिॲक्टर घ्यावा असे माझे ठाम मत आहे.

या दोहोंच्या मधला पर्याय म्हणजे फिल्टरच्या नळीतच बसून बारीक बुडबुडे करणारा इनलाइन ॲटमायझर. जागा कमी लागते आणि वायू प्रवाहाबरोबर सगळीकडे जातो. पण पाणी कायम धुरकट दिसते आणि त्याला साधारण दोन बारच्या आसपास (बार हे दाबाचे एकक) दाब लागतो. यीस्टने साखर आंबवून घरीच वायू तयार करायच्या बाटलीवर तो चालवायला जाऊ नये. तेवढा दाब ती बाटली भरवशाने देत नाही, आणि वाट तुंबून दाब चढत गेला तर बाटली फुटू शकते. यीस्टच्या बाटलीवर उलटी वाटी किंवा शिडीसारखा नागमोडी मार्ग बरा. तिथे दाब लागत नाही, पण वायूचे प्रमाण रोज बदलते. आणि या चढउताराने शेवाळाचे, विशेषतः काळ्या केसाळ शेवाळाचे, फावते.

लेखात रेग्युलेटरचा, म्हणजे सिलिंडरमधल्या वायूचा दाब कमी करून तो बाहेर सोडणाऱ्या साधनाचा, उल्लेख एका ओळीत उरकला आहे. माझ्या मते सर्वांत जास्त पैसे तिथेच घालावेत. सिलिंडरमध्ये द्रवरूप वायू शिल्लक असेपर्यंत २० अंश सेल्सियसला दाब सुमारे ५७ बारच राहतो, त्यामुळे काटा पाहून किती उरले ते कळत नाही. ते कळायला सिलिंडरचे वजन करावे. द्रव संपला की दाब कोसळतो आणि एकाच टप्प्याच्या रेग्युलेटरचा बाहेरचा दाब उलट वाढतो. अशा वेळी उरलेला वायू एकदम टाकीत जाऊन सगळे मासे गुदमरू शकतात. दोन टप्प्यांचा रेग्युलेटर हा धोका बऱ्यापैकी टाळतो. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा, आडवा पडला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. नळी सिलिकॉनची नको, तिच्यातून हा वायू झिरपत राहतो, पॉलियुरेथेनची घ्यावी. आणि उलटझडप हवीच. वायू बंद झाल्यावर नळीत उरलेला वायू विरघळू लागला की पाणी नळीतून मागे चढते.

आता ते ‘सेकंदाला दोन बुडबुडे’. बुडबुड्याचे आकारमान मोजणीच्या नळीच्या तोंडावर आणि आतल्या द्रवावर अवलंबून असते, म्हणून एका टाकीचा आकडा दुसऱ्या टाकीला लागू पडत नाही. आपल्याच टाकीत कालच्यापेक्षा आज कमी की जास्त, एवढेच तो सांगतो. वायू किती विरघळला ते पाहायला ड्रॉप चेकर, म्हणजे टाकीत आतून लावायची रंग बदलणाऱ्या द्रावणाची छोटी कुपी, लावावा. त्यात टाकीचे पाणी कधीही भरू नये. ४ अंश केएचचे (केएच म्हणजे पाण्याचा कार्बोनेट कठीणपणा) तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंगदर्शक घालावा. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या आसपास, पिवळा म्हणजे फार झाला. हा रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तेवढ्या वेळात संकट येऊन गेलेले असू शकते. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर रंगाची वाट न पाहता वायू बंद करून पाणी खळबळवावे.

सर्वांनाच हे लागते असेही नाही. ॲनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिनी ही झाडे मंद प्रकाशात वेगळ्या वायूशिवाय चांगली जगतात आणि व्हॅलिस्नेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांत बहुधा ग्लुटराल्डिहाइड असते. ते जंतुनाशक आहे; त्याला कार्बन डायऑक्साइडचा पर्याय समजू नये.

लेखातील एक गोष्ट मात्र लगेच दुरुस्त व्हावी. वायू रात्रंदिवस चालू ठेवावा असे त्यात सुचवले आहे. अंधारात प्रकाशसंश्लेषण होत नाही. झाडे आणि मासे दोघेही ऑक्सिजन वापरतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि वरून आपला वायू चालूच राहतो. पहाटेपर्यंत मासे मरू शकतात. सोलेनॉइड झडप (विजेवर उघडझाप होणारी झडप) टायमरला जोडून वायू दिवे लागण्याआधी तास-दोन तास सुरू करावा आणि दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद करावा. एवढी दुरुस्ती तरी पुढच्या रविवारच्या पुरवणीत ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा सहायक)