‘टेन्शन’ नाही म्हणजे रक्तदाब नाही, असे नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पानावर ‘हायपरटेन्शन’ हा शब्द कधी एकटा, तर कधी ‘उच्च रक्तदाब’ या शब्दाच्या जोडीने येतो. त्यातील ‘टेन्शन’ या इंग्रजी नामाचा मूळ अर्थ आणि आपण रोजच्या बोलण्यात त्याला दिलेला अर्थ यांत आता इतके अंतर पडले आहे, की त्यापायी माणसाच्या प्रकृतीचे नुकसान होऊ शकते. आमच्या घरी ते झाले, म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या बंधूंना, म्हणजे आमच्या अण्णांना, डॉक्टरांनी हायपरटेन्शन असल्याचे सांगून रोजची गोळी सुरू केली होती. काही महिन्यांनी त्यांनी ती परस्पर बंद केली. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “अरे, नोकरी संपली, कर्ज फिटले, मुले मार्गी लागली. मला आता कसले टेन्शन?” पुढे चष्म्याचा नंबर तपासायला गेले असता डोळ्यांच्या डॉक्टरांना आतल्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांत बदल दिसले. त्यांनी तातडीने रक्तदाब मोजायला लावला आणि वरचा आकडा 180 च्या पुढे निघाला. अण्णा सुशिक्षित आहेत, औषधांच्या बाबतीत हेळसांड करणारे नाहीत. त्यांनी शब्दाचा तोच अर्थ घेतला, जो आपण सारे दिवसातून दहा वेळा घेतो.

‘टेन्शन’ हा शब्द लॅटिनमधील ‘ताणणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. ते क्रियापद आणि संस्कृतातील ‘तन्’ हा धातू एकाच प्राचीन मुळाचे मानले जातात. आपले तंतू, तान, मागावरचा ताणा, इतकेच काय संतती हे शब्दही त्याच ‘तन्’पासून आले आहेत, म्हणजे ‘टेन्शन’ हा आपल्या ‘ताण’चा दूरचा भाऊबंदच आहे. त्याचे पहिले घर दोरीत आणि तारेत आहे. टांगलेल्या वजनामुळे दोरीत निर्माण होणारा ताण विज्ञानात न्यूटनमध्ये मोजतात. पाण्याचा थेंब गोल राहतो तो पृष्ठताणामुळे. विजेच्या ‘हाय टेन्शन’ तारा म्हणजे उच्च दाबाच्या तारा. माणसांविषयी बोलतानाही इंग्रजीत हा शब्द बहुधा दोन टोकांच्या मध्ये राहतो: दोन देशांतले टेन्शन, दोन भावांतले टेन्शन, कथेत पुढे काय होणार याची ओढ. मनावरच्या ताणासाठी इंग्रज तो वापरत नाहीत असे नाही. पण ‘मला टेन्शन आहे’ किंवा ‘टेन्शन घेऊ नकोस’ ही वाक्ये शब्दशः इंग्रजीत नेली, तर ती त्यांच्या कानाला परकी वाटतील. ती घडण आपली आहे.

आपण मात्र या शब्दाला घेण्यादेण्याची वस्तू केले. टेन्शन येते, जाते, कोणी देते, कोणी घेते. परभाषेतला शब्द रुळला याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते त्याने किती शब्दांची जागा घेतली याचे. निकालाच्या आदल्या रात्री होते ती धाकधूक. वरिष्ठांसमोर उभे राहताना येते ते दडपण. महिनाअखेरची तोंडमिळवणी कशी करायची ही विवंचना. जवळचे माणूस वेळेवर परतले नाही की जिवाला लागतो तो घोर, एका प्रसंगाने मनात कायमची बसते ती धास्ती आणि हातून राहून गेलेल्या गोष्टीची वाटते ती रुखरुख. रुखरुख मागे पाहते, धाकधूक पुढे. विवंचनेत माणूस वाट शोधत असतो, तर धास्तीत जागीच थिजतो. या साऱ्यांना ‘टेन्शन’ म्हटले, की बोलणाऱ्याला नेमके काय होते आहे हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. धीर द्यायचा, मदत करायची की नुसते जवळ बसायचे, हेही उमगत नाही.

‘हायपरटेन्शन’मध्ये मात्र ‘टेन्शन’ आपल्या मूळ अर्थानेच आले आहे. इटालियन डॉक्टर रिव्हा-रोची यांनी 1896 मध्ये दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन प्रसिद्ध केले. त्याआधीचे डॉक्टर बोटांखाली नाडी किती ताठ लागते यावरून धमनीतील ताणाचा अंदाज घेत. तो ताण रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा, मनावरचा नव्हे. काळजीने, रागाने रक्तदाब तात्पुरता वाढतो हे खरे. पण निश्चिंत माणसाचा रक्तदाब वाढणारच नाही, हे मुळीच खरे नाही. वय, मीठ, वजन, आनुवंशिकता, मूत्रपिंडाचे विकार अशी त्याची कारणे अनेक आहेत, आणि बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या 2019 च्या अंदाजानुसार जगात 30 ते 79 वयोगटातील सुमारे 128 कोटी लोकांना हा विकार होता आणि त्यांपैकी जवळपास 46 टक्के लोकांना त्याची कल्पनाच नव्हती. ज्यांना कल्पना आहे, त्यांनी तरी शब्दाच्या घोटाळ्यामुळे गोळी सोडू नये, अशी माझी तळमळ आहे.

म्हणून विनंती अशी, की आपल्या बातम्यांत आणि लेखांत ‘उच्च रक्तदाब’ हाच शब्द यावा. ‘हायपरटेन्शन’ लिहिणे अपरिहार्य असेल, तेथे रक्तवाहिन्यांतील वाढलेला दाब असा खुलासा त्याच वाक्यात द्यावा. आपल्या वाचकांत डॉक्टर आणि परिचारिकाही असतील. रुग्णाला हे निदान सांगताना ‘याचा तुमच्या काळजीशी संबंध असेलच असे नाही, मन शांत असले तरी गोळी चालू ठेवायची आहे,’ एवढे वाक्य त्यांनी कृपया जोडावे. अण्णांना ते वाक्य पहिल्या दिवशी कोणी सांगितले नव्हते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक